शाळेतल्या शिकण्यानं पोरांच्या हाताला काम मिळेल का?

मोहोळ तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या तरुण शिक्षकांनी विचारलंय: 'आमच्या गावात बारावी, बीए झालेली पोरं घरी बसून आहेत. शाळेच्या अभ्यासक्रमात काय बदललं तर पुढच्या पोरांवर ही वेळ येणार नाही? एखादा कौशल्य विषय सुरू करून खरंच फरक पडतो, की तो कागदावरच राहतो?'

सर, मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलं. त्यातली शेवटची नऊ वर्षं नववी-दहावीच्या शिवणकामाच्या व्यवसाय विषयाची जबाबदारीही माझ्याकडे होती. त्या अनुभवावरून आधी थोडक्यात सांगते. कौशल्य विषय वेगळ्या तासाला, वेगळ्या खोलीत, वर्गातल्या 'कच्च्या' मुलांसाठी म्हणून ठेवला तर तो कागदावरच राहतो. तेच काम गणिताच्या, भाषेच्या, विज्ञानाच्या तासात आलं, सगळ्या मुलांनी केलं आणि त्याचे गुण त्या त्या विषयात धरले, तर फरक पडतो. तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करू. शाळा कारखाना काढत नाही. यंत्रमागाचं वीजबिल, सुताचे चढे भाव, पुण्याकडे ओढली जाणारी गुंतवणूक, यातलं काहीच आठवीच्या पुस्तकानं बदलत नाही. दहा जागा असताना शंभर मुलं उत्तम शिकली तरी नव्वद बाहेरच राहणार. हे न सांगता 'कौशल्य द्या, बेकारी जाईल' असं म्हणणं म्हणजे बेकारीचा सगळा दोष पोराच्या माथी मारणं आहे. पण दुसरी बाजूही मी रोज पाहत होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले गारमेंटवाले 'कटिंगला माणूस मिळत नाही' म्हणतात, आणि त्याच रस्त्यावरच्या घरात बीकॉम झालेला मुलगा दोन वर्षं बसून असतो. या दोघांमधली सगळी दरी शाळेनं पाडलेली नाही, पण काही तिनं पाडली आहे. तेवढी बुजवणं तिच्या हातात आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारताविषयीच्या रोजगार अहवालात २०२२ चे आकडे आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेकारीचं प्रमाण ३.४ टक्के, पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के. पहिल्यांदा वाचलं की वाटतं, मग शिकायचंच कशाला? अर्थ तसा नाही. ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते तो बेकार राहूच शकत नाही, मिळेल ते करतो. पदवीधर थांबतो. घरचे त्याला काही वर्षं सांभाळतात, आणि शिक्षणानं त्याला एकाच तऱ्हेच्या कामाची वाट पाहायला शिकवलेलं असतं. हे थांबणं शाळेतच सुरू होतं, म्हणून मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आमच्या दहावीच्या वर्गात 'पुढे काय?' असं विचारलं की निम्म्याहून जास्त मुलं 'पोलीस भरती' म्हणायची. दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचं प्रकरण आहे. पुस्तकात फासे आहेत, पत्त्यांचा कॅट आहे, नाणी आहेत. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत १७ हजार ४७१ पदांसाठी सुमारे पावणेअठरा लाख अर्ज आले होते. त्या वर्षी मी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि भागाकार मुलांकडून करून घेतला. साधारण शंभरात एक. मग एका डब्यात शंभर चिठ्ठ्या टाकल्या, एकीवर खूण केली आणि प्रत्येकाला एक काढायला लावली. अठ्ठेचाळीस मुलं, अठ्ठेचाळीस कोऱ्या चिठ्ठ्या. वर्ग शांत झाला. भरतीचा नाद सोडा असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. मेहनत करणाऱ्याची संधी चिठ्ठीपेक्षा बरी असते, हेही त्यांना सांगितलं. पण त्या दिवशी पहिल्यांदा एका मुलानं उठून विचारलं, 'मग बाई, भरतीची तयारी करताना सोबत दुसरं काय करायचं?' हा प्रश्न चोविसाव्या वर्षी, अभ्यासिकेत चार वर्षं गेल्यावर पडण्याऐवजी पंधराव्या वर्षी पडला. अभ्यासक्रमाचं काम इथून सुरू होतं.

आता टेपची गोष्ट सांगते.

व्यवसाय विषयाच्या पहिल्या वर्षी मुलींना गणवेशाच्या शर्टाची मापं घ्यायला शिकवत होतो. गणितात नव्वदच्या वर गुण असलेली एक मुलगी मैत्रिणीचा खांदा मोजत होती. शिलाईची टेप जुनी झाली की तिचं पत्र्याचं टोक निघून येतं, सुरुवातीचा अर्धा-पाऊण इंच फाटतो. कोणताही टेलर अशी टेप एकच्या रेषेवर धरतो आणि आलेल्या मापातून एक वजा करतो. मुलीनं एकच्या रेषेवर बरोबर धरली, साडेपंधरा वाचलं आणि साडेपंधराच लिहिलं. शर्ट खांद्यावरून उतरला. तिला वजाबाकी येत नव्हती असं कोण म्हणेल? पण मोजणं म्हणजे दोन रेषांमधलं अंतर, हे तिच्या हाताला कधी कळलंच नव्हतं. पुस्तकातल्या प्रत्येक चित्रात पट्टी शून्यापासूनच सुरू होते.

पुढे ग्रामीण मुलांच्या शिकण्याची पाहणी करणाऱ्या 'असर' चा २०२३ चा अहवाल हाती आला आणि ही एकट्या मुलीची चूक नव्हती हे कळलं. चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलांना पट्टीनं लांबी मोजायला दिली. वस्तू शून्यावर ठेवली होती तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांना मोजता आलं. वस्तू पट्टीवर पुढे सरकवली तेव्हा हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. त्याच अहवालात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येणारी मुलं निम्म्याहून कमी होती, आणि कुठलं तरी व्यवसाय प्रशिक्षण घेणारी फक्त ५.६ टक्के. या तीन आकड्यांना मी एकमेकांपासून वेगळं काढत नाही. ज्याला सरकवलेली वस्तू मोजता येत नाही त्याच्या हातात कटिंग मास्टर कात्री देणार नाही, सुतार करवत देणार नाही, इंजिनिअर साइटवर उभं करणार नाही. वरचं कौशल्य शिकवायला संस्था भरपूर आहेत. विजापूर रोडला शासकीय आयटीआय आहे, खासगी क्लास आहेत. पण त्यांच्याकडे जाईपर्यंत पाया शाळेनं घातलेला लागतो, आणि तो पाया म्हणजे मोजमाप, भागाकार, टक्केवारी आणि चार ओळी नीट वाचणं-लिहिणं हाच आहे.

म्हणून आम्ही नववीच्या गणिताचा आठवड्यातला एक जोडतास कामाला दिला. सोलापुरात याला सामान शोधावं लागत नाही. टॉवेल घ्या. टेरी टॉवेलच्या व्यवहारात जीएसएम हा शब्द रोजचा आहे, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. पाऊण मीटर रुंद, दीड मीटर लांब टॉवेल, ४०० जीएसएम. मुलांनी क्षेत्रफळ काढलं १.१२५ चौरस मीटर, वजन आलं ४५० ग्रॅम. मग घरून आणलेले टॉवेल मोजले, किराणा दुकानातून काटा आणला आणि वजनं केली. एकाचा टॉवेल हिशेबापेक्षा बराच हलका निघाला. त्याचे वडील टॉवेलच्या मागावर होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून उत्तर घेऊन आला: वापरून, धुऊन त्यातली लव झडलेली आहे. क्षेत्रफळाचं एक उदाहरण घरापर्यंत गेलं आणि बापाकडून ज्ञान घेऊन परत आलं. त्या माणसाला शाळेनं कधी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही.

चादरीच्या नक्षीचंही तसंच. जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, नक्षी आधी आलेखाच्या कागदावर काढतात. प्रत्येक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे एकमेकाला छेदतात ती जागा; भरलेला चौकोन म्हणजे उभा धागा वर. पूर्वी त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायचे, आता इलेक्ट्रॉनिक जेकार्डला तीच माहिती फाइलमधून जाते. आलेखाचं, सममितीचं, संगणकाच्या होय-नाहीचं गणित एका चादरीत आहे, आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आमच्या पुस्तकातली सममिती मात्र फुलपाखराच्या चित्रात अडकलेली.

या सगळ्यात मुलांना खरं शहाणं केलं ते एका ऑर्डरनं. शेजारच्या एका मंडळाला कार्यक्रमासाठी पन्नास कापडी पिशव्या हव्या होत्या. मुलांनी हिशेब केला. पिशवीचा एक तुकडा शिलाईची माया धरून १५ इंच रुंद, ३४ इंच लांब. कापडाचा पन्हा ४५ इंच, म्हणजे आडवे तीन तुकडे बसतात. पन्नास पिशव्यांना सतरा ओळी, ५७८ इंच, साधारण पावणेपंधरा मीटर. पंधरा मीटर कापड आणलं. कापून झालं, शिवायला बसले, आणि तेव्हा ध्यानात आलं की पिशवी धरायचे पट्टे, म्हणजे बंद, धरायचेच राहिले. पन्नास पिशव्यांचे शंभर बंद, प्रत्येक तीन बाय वीस इंचांचा. पुन्हा दुकान, आणखी सव्वातीन मीटर. सगळं मिळून कापड साडेतीन मीटरच्या आसपास कमी धरलं गेलं होतं. ही चूक मला कापड आणायच्या आधीच दिसली होती, पण मी गप्प बसले. पुस्तकातल्या उदाहरणाला बंद नसतात, म्हणून ते बंद विसरणं त्यांनी स्वतः अनुभवायला हवं होतं.

मीटरला साठ रुपयांनी कापड अकराशेच्या आत, पिशवीमागे बावीस रुपये. दोरा आणि वीज दोन रुपये धरली. पिशवी तीस रुपयांना ठरलेली. उरले सहा. मुलं खूश. मी विचारलं, एका पिशवीला वेळ किती लागतो? घड्याळ लावून पाहिलं, पंचवीस मिनिटं. मग भागाकार. मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडली, 'बाई, तासाला चौदा रुपयेच की!' तिची आई विड्या वळते. हजार विड्यांना किती मजुरी आणि किती तास, हे त्या घरात पाठ असतं. तिनं लगेच तुलना केली. पुढच्या जोडतासाला मुलांनीच कामाची वाटणी केली. दोघींनी फक्त बंद, दोघांनी फक्त बाजूची शिलाई, एकानं टोकं कापून घड्या घालणं. पिशवीमागे वेळ बारा मिनिटांवर आला, म्हणजे तासाला तीस रुपये. तरीही कमीच. मग दर कसा ठरवावा, पुढच्या वेळी मंडळाशी काय बोलावं, कापड थेट कुठून घेतलं तर स्वस्त पडेल, यावर अर्धा तास वाद झाला. ही चर्चा कुठल्याही उद्योजकतेच्या धड्यात मी वाचलेली नाही.

आता भाषेबद्दल, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. आमच्याकडे बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड, काही घरांत उर्दू. शाळा मराठी. मुलं बोलायला चपळ, पण कामाचं चार ओळींचं लेखन अवघड जातं. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखन आहे, त्यात मागणीपत्र असतं. परीक्षेत ते काल्पनिक दुकानाला लिहितात आणि गुण मिळतात. आम्ही ते दोऱ्याच्या खऱ्या व्यापाऱ्याला पाठवलं: 'आम्हास उत्तम प्रतीचा दोरा पाठवावा.' त्यांनी फोन करून विचारलं, कुठल्या नंबरचा? सुती की पॉलिस्टर? शेड नंबर काय? रीळ की कोन? वर्गात एकालाही उत्तर देता आलं नाही. दुसरं पत्र लिहिलं तेव्हा त्यात 'उत्तम प्रतीचा' हा शब्द नव्हता, पाच आकडे होते. मराठीच्या बाईंनी ते पत्र सरावाला धरलं आणि त्याला पैकीच्या पैकी दिले. मुलाखतीत, ग्राहकाच्या फोनवर, यंत्र बिघडल्याचं मालकाला कळवताना हीच भाषा लागते.

तुम्ही विचाराल, मग इतकी वर्षं हे झालं का नाही? कल्पना नवीन नाहीच. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तउद्योगातून शिक्षणाची मांडणी केली. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सुचवला. १९८६ च्या धोरणानं उच्च माध्यमिकची १० टक्के मुलं १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचं ठरवलं. आपल्याकडे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम त्याच काळात सुरू झाले. २०२० च्या धोरणानं २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं उद्दिष्ट ठेवलं. सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शाळाही त्यातलीच. सहावीपासून कामावर आधारित प्रकल्पांची पुस्तकंही आता आली आहेत. कागद कधीच वाईट नव्हता.

अडलं ते गुणांवर. कार्यानुभवाला श्रेणी मिळते, एकूण गुणांत तो धरला जात नाही. म्हणून दहावीच्या वर्षी कार्यानुभवाचा तास गणिताच्या जादा तासाला जातो. मीही सुरुवातीची कित्येक वर्षं तो घेतला आहे. मुलांच्या फायली घरून आईनं किंवा ताईनं केलेल्या असतात. जे परीक्षेत नाही ते शाळेत नाही, ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे. तिच्याशी भांडत बसण्यापेक्षा मी काम परीक्षेच्या विषयात नेलं. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपल्याच हातात असतात. गणिताचा गृहपाठ टॉवेलचा असू शकतो, विज्ञानाचा प्रयोग रंगाच्या पक्केपणाचा, मराठीची तोंडी परीक्षा ग्राहकाशी बोलण्याची. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरी अडचण मोठी आणि नाजूक आहे. व्यवसाय विषय कुणाला द्यायचा, हे ठरवताना बहुतेक ठिकाणी गुणपत्रिका बघतात. ज्यांना कमी गुण, त्यांना शिवणकाम. एकदा एक आई मला म्हणाली, 'आम्ही दिवसभर विड्या वळतो ते पोरीनं पुन्हा मशीन मारावी म्हणून नव्हे, बाई.' ती चिडली होती आणि तिचं बरोबर होतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हातानं काम केलं त्यांच्याच मुलांना 'कौशल्य' आणि उरलेल्यांना 'शिक्षण', ही वाटणी जुनीच आहे, फक्त नाव नवं. मी त्या आईला सांगितलं की पुढच्या वर्षीपासून वर्गातली पहिली आलेली मुलगीही तोच जोडतास करेल, आणि ते पाळलं. मशीन मारणं हा शेवट नाही, हेही तिला मुलांच्या वहीतून दाखवलं: पॅटर्न, मार्कर (म्हणजे कापडावर तुकडे बसवायची आखणी), कापडाची नासाडी, दर, वेळ. त्यातल्या तीन मुली पुढे पदविकेला गेल्या, एक अकाउंट शिकून गारमेंटच्याच ऑफिसात आहे, बाकीच्यांपैकी बऱ्याच शिकत-शिकत कमावतात. सगळ्यांचं भलं झालं असं मी म्हणणार नाही. दोघींची लग्नं अठरा पूर्ण होताच झाली आणि शिलाई मशीन माहेरीच राहिलं.

एका धंद्यात मुलांना बांधूही नका. पूर्व भागातलं कुठलंही घर बघा: आजोबा गिरणीत, वडील यंत्रमागावर, मुलगी गणवेशाच्या गारमेंटमध्ये. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी साठच्या दशकात बंद पडली. बाकीच्याही एकेक करून गेल्या. १९५५ साली शाळेनं फक्त गिरणीकाम शिकवलं असतं तर ती मुलं तिशीच्या आतच अडली असती. धंदा बदलतो, मोजणं, भागणं, चूक शोधणं, दर ठरवणं, नीट सांगणं हे गिरणीतून मागावर आणि मागावरून गारमेंटमध्ये माणसासोबत जातं.

या बाबतीत पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम मला जवळचं वाटतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ साली सुरू केला. शाळांसाठी त्यांनी जो मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आखला त्यात कार्यशाळा-अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे चार भाग आहेत. आठवड्यातला एक दिवस मुलं चारही करतात आणि गावाला पैसे घेऊन सेवा देतात. शिकवायला गावातलेच कारागीर. राज्य मंडळानं त्याला मान्यता दिलेली आहे. चारही भाग करावे लागतात, म्हणून मुलगा एका कामाला जखडला जात नाही आणि मुलींच्या हातात वेल्डिंगची कांडीही येते.

तुमच्याकडे मोहोळला कापड नसेल, पण दूध आहे, डाळिंब आहे, ऊस आहे. दूध संकलनाच्या पावत्या मुलांना आणायला सांगा. त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) आणि दर असतो. गाईच्या दुधाचा पायाभूत दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, त्याखाली गेलं की पॉइंटमागे कपात. ज्या घरात रोज पावती येते त्या घरातल्या पोरालाही ही कपात कशी लावली हे सहसा सांगता येत नाही. एक महिन्याच्या पावत्यांवर सरासरी, टक्केवारी, आलेख, सगळं होतं, आणि वर्षभरात एखादा मुलगा बापाला सांगतो की पेंड बदलल्यावर फॅट किती हललं. डाळिंबवाल्यांकडे फवारणीचा हिशेब घ्या. १५ लिटरचा पंप, लिटरला दोन मिली औषध, म्हणजे तीस मिली. बरेच जण ते बाटलीच्या टोपणानं मोजतात. टोपणात किती मिली मावतं ते मोजपात्रात मोजून घ्या, अर्थात आत साधं पाणी ओतून. औषधाला मुलांचा हात लागू देऊ नका. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुम्हाला लांब नाही. दप्तराविना दहा दिवसांतले दोन तिथे द्या आणि जाण्यापूर्वी मुलांकडून तेल्या रोगावर प्रश्न लिहून घ्या. प्रश्न नसलेली सहल फोटोपुरती राहते.

जपायचं एकच. काम शिकण्याच्या नावावर मुलं कुणाची फुकटची मजूर होऊ नयेत. कारखान्यात पाठवाल तेव्हा काय शिकायचं ते आधी लिहा, तासांची मर्यादा ठेवा, ऑर्डरच्या पैशांचा हिशेब मुलांच्याच हातात द्या आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेबाहेरच्या कामावर पाठवूच नका.

शिकवणाऱ्यांचं दुखणं बाकी आहे. व्यवसाय विषयांचे प्रशिक्षक सहसा बाहेरच्या संस्थेमार्फत, कंत्राटावर येतात. आमच्याकडच्या प्रशिक्षक ताईंचा पगार एकदा पाच महिने आला नव्हता. त्या रोज दोन बस बदलून यायच्या. सहाव्या महिन्यात त्यांनी सोडलं आणि पुढचं अर्धं वर्ष मशीनवर कापड टाकून ठेवलेलं होतं. आठवीला असलेली मुलं ते झाकलेलं मशीन बघत नववीत गेली. बेकारी हटवायचा विषय शिकवणाऱ्या माणसाचीच नोकरी इतकी कच्ची असेल तर मुलं त्यावरूनही काही शिकतात. हा प्रश्न तुमच्या-माझ्या पातळीवर सुटणारा नाही, पण मुख्याध्यापकांच्या प्रत्येक बैठकीत तो मांडा. तोवर गावातला कारागीर महिन्यातून दोन शनिवार बोलवा. आमच्याकडे एक कटिंग मास्टर यायचे, सातवी शिकलेले. वीस थर कापड अंथरून खडूनं मार्कर आखताना त्यांनी तुकडे असे फिरवून बसवले की मुलांच्या आखणीपेक्षा कापड पाऊण हात कमी लागलं. त्यांना मानधन द्या, खुर्ची द्या, मुलांकडून 'सर' म्हणवून घ्या.

तुम्ही पत्रात शेवटी विचारलंय की वेळापत्रकात जागा कुठून काढायची. गणिताचे आठवड्यातले दोन तास लागून ठेवा, म्हणजे ऐंशी मिनिटांचा जोडतास होतो. आमच्या अनुभवात भूमिती आणि संख्याशास्त्राचा भाग याच जोडतासात पूर्ण झाला, वेगळा वेळ लागला नाही. जून-जुलैत फक्त मोजमाप घ्या: टेप, काटा, मोजपात्र, घड्याळ. टेप विकत घेताना दोन नव्या आणि चार टोक फाटलेल्या घ्या. कुठल्याही टेलरकडे तशा पडलेल्या असतात, मागितल्या तर तो पैसेसुद्धा घेणार नाही.